सायलेन्सर फुटला की गाडी ओढते, जोडला की बसते: छोट्या ट्रकच्या एक्झॉस्ट पाईपचं माप

इंजिन नवीन बांधलं, डिझेल पंप कॅलिब्रेट केला, डिझेल फवारणारे नोझल बदलले, इंजिनात जादा हवा ढकलणारा टर्बोही तपासला, तरी चढावर गाडीचा दम जातो आणि मागे काळा धूर निघतो. महिन्या-दोन महिन्यांनी गाडी आपोआप बरी होते आणि पुन्हा बिघडते. असं तुमच्या गाडीचं होत असेल, तर इंजिन परत खोलण्याआधी हे वाचा. आमचं सव्वा वर्ष यात गेलं.

गाडी माझ्या मामांची. टाटा ४०७च्या वर्गातला छोटा ट्रक, ३ लिटरचं चार सिलिंडरचं, टर्बो आणि त्याची तापलेली हवा थंड करणारा इंटरकूलर असलेलं डिझेल इंजिन, १०० हॉर्सपॉवरच्या आसपासचं, डिझेल पंपावर चालणारं, बीएस-३ (प्रदूषण नियमांचा जुना टप्पा) काळातलं. पहाटे तुर्भ्याच्या भाजी मार्केटमधून माल भरायचा, ठाणे-बेलापूर रोडने विटावा, कळवा, पुढे माजिवड्यावरून घोडबंदर रोड धरून काशिमिऱ्यापर्यंत जायचं, हा रोजचा फेरा. त्यात कस लागतो तो एकाच ठिकाणी, गायमुख घाटात. घाट छोटा आहे, पण खड्डे आणि गर्दी यामुळे वेग धरता येत नाही, सगळा चढ दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर काढावा लागतो.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात या गाडीचं फुल इंजिन काम केलं. लायनर, पिस्टन, बेअरिंग, हेड, सगळं. गाडी छान निघाली. दोन महिन्यांनी मामा गॅरेजवर आले आणि म्हणाले, "भाच्या, गायमुखला दुसरा टाकावा लागतोय. काम करून घेतलं आणि गाडी आधीपेक्षा जड झाली."

मी काय केलं ते सांगतो, कारण बहुतेक जण याच क्रमाने जातात. एअर फिल्टर बदलला. डिझेल फिल्टर बदलला. इंटरकूलरचे होज साबणाच्या पाण्याने तपासले, गळती नाही. नोझल काढून तपासायला पाठवले, एकाचा फवारा बिघडलेला होता, तो बदलला. थोडा फरक वाटला, म्हणून विषय संपला असं मी धरलं. पाऊस सुरू झाल्यावर मामांचा फोन, गाडी मस्त पळतेय, फक्त सायलेन्सरचा आवाज येतोय. त्यांनी वाटेत कुठेतरी वेल्डिंग मारून घेतलं. आठवड्याभरात तीच तक्रार. मग टर्बोवर संशय आला. टर्बो उतरवून शाफ्टची हालचाल पाहिली, ती मापात होती, तरी मनाच्या समाधानासाठी सर्व्हिस करून घेतली. फरक शून्य. एका पंपवाल्याने सुचवलं की स्क्रू फिरवून डिझेल वाढवू. तेवढं मात्र मी करू दिलं नाही, ते बरं झालं. हवा कमी पडत असताना डिझेल वाढवलं तर धूर वाढतो, जळण्याचं तापमान वाढतं आणि नवीन पिस्टनचं डोकं वितळायला वेळ लागत नाही.

उत्तर मामांच्याच बोलण्यात होतं, माझं लक्ष उशिरा गेलं. चहा पिताना ते सहज म्हणाले, "आवाज यायला लागला की समजायचं, आता आठ दिवस गाडी पळणार."

सव्वा वर्षाच्या बिलांच्या तारखा आणि त्यांच्या तक्रारीच्या तारखा मी वहीत शेजारी-शेजारी लिहिल्या. इंजिन बांधलं तेव्हा मूळ पाईप सायलेन्सरच्या आधी कुजून भोक पडलेला होता, धूर तिथूनच बाहेर पडत होता, आणि गाडी चांगली होती. भोक बुजवलं, गाडी बसली. पावसात जोड फुटला, गाडी सुधारली. वेल्डिंग मारलं, पुन्हा बसली. नोझल बदलल्यावर जो फरक वाटला होता, त्याच आठवड्यात पाईप टांगणारा हँगर तुटून फ्लँज (पाईपचे तुकडे बोल्टने जोडणारी चकती) ढिला झाल्याची नोंदही होती. इंजिनाला श्वास सोडायला जागा मिळाली की ते चालत होतं. आपण ती जागा दर वेळी व्यवस्थित बंद करत होतो.

मोजणी

संशय आला म्हणून लगेच मोठा पाईप घालू नका. आधी दाब मोजा. टर्बोच्या मागे एक्झॉस्टमध्ये किती दाब साचतो, त्याला बॅक प्रेशर म्हणतात. अनेक टर्बो डिझेल इंजिनांच्या माहितीपुस्तकात पूर्ण लोडवर ही मर्यादा ७ ते १० किलोपास्कल दिलेली असते. दाब मोजायच्या काट्याच्या भाषेत साधारण एक ते दीड पाउंड. टायरमध्ये आपण ऐंशी-नव्वद पाउंड भरतो, त्यामुळे एक-दीड पाउंड म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण एक्झॉस्टमध्ये तेवढ्यानेही इंजिनाचं वागणं बदलतं.

पद्धत अशी. टर्बोच्या तोंडापासून वीतभर मागे, सरळ भागात, पाईपला लहान सॉकेट वेल्ड करायचं. त्यासाठी पाईप खाली उतरवूनच भोक पाडा, किस आत राहिला नाही याची खात्री करा. सॉकेटला मीटरभर तांब्याची नळी, तिला तीन-चार वेढे द्या म्हणजे हवा थंड होते, आणि त्यापुढे रबरी होज खिडकीतून केबिनमध्ये. काटा शून्य ते १५ पाउंडचा घ्या, मोठ्या रेंजच्या काट्यावर एक-दोन पाउंडाचा फरक दिसतच नाही. तांब्याची नळी ब्रेकच्या पाईपला किंवा वायरिंगला टेकणार नाही असं बांधा.

मोजणी लोडवरच करायची. गाडी जागेवर उभी करून रेस दिली तर टर्बो जेमतेम बूस्ट (हवेचा जादा दाब) देतो, हवा कमी वाहते आणि काटा हलत नाही. पीयूसीच्या धूर चाचणीचंही असंच आहे. बीएस-४च्या आधीच्या डिझेल गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची (धुराच्या काळेपणाचं माप) आणि बीएस-४ला ५०ची, पण ती चाचणी गाडी उभी ठेवून मोकळी रेस देऊन होते. आमची गाडी पीयूसी पास होत होती आणि घाटात काळा धूर सोडत होती, दोन्ही एकाच आठवड्यात.

तर आम्ही माल भरलेली गाडी घेऊन रात्री गायमुखला गेलो, रस्ता जरा मोकळा असताना. मामा चालवायला, मी काट्याकडे. तिसरा गिअर, पूर्ण रेस, इंजिन २७००-२८०० फेऱ्यांवर. काटा पावणेतीन पाउंडावर जाऊन थरथरत राहिला. म्हणजे १९ किलोपास्कल, मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तीन वेळा चढ-उतार करून बघितलं, तेवढंच.

काटा मिळत नसेल तर जुन्या फिटर लोकांची एक युक्ती आहे. डाउनपाईपच्या, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पहिल्या तुकड्याच्या, मागच्या फ्लँजचे बोल्ट ढिले करून बोटभर फट ठेवायची आणि एकच छोटा चढ चढून पाहायचा. गाडीने दम धरला तर अडथळा फ्लँजच्या मागे आहे हे नक्की. पण तिथून निघणारा वायू अतिशय गरम असतो आणि विषारीही, त्यामुळे दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, जवळच्या वायरी आणि नळ्या झाका, आणि पाच मिनिटांपेक्षा जास्त असं चालवू नका.

आणखी एक गोष्ट पाईप कापण्याआधी बघाच. तुमच्या ट्रकला एक्झॉस्ट ब्रेक (पाईपातला वायू अडवून गाडीचा वेग कमी करणारी झडप) असेल तर त्याची फ्लॅप अर्धवट अडकलेली असू शकते. काजळी आणि गंज यामुळे ती परत पूर्ण उघडत नाही. लक्षणं अगदी हीच. हाताने फिरवून पाहायला पाच मिनिटं लागतात आणि निम्म्या गाड्यांचा प्रश्न तिथेच सुटलेला मी पाहिलाय.

कापल्यावर काय दिसलं

आमच्या गाडीची फ्लॅप मोकळी होती. म्हणून पूर्ण पाईप खाली उतरवला आणि ग्राइंडरने तीन ठिकाणी कापला.

टर्बोकडून येणारा मूळ तुकडा अडीच इंची होता, बाहेरून ६३.५ मिलिमीटर, आतून ६०. त्याच्यापुढे सव्वा मीटरचा तुकडा पहिल्या दुरुस्तीत घातलेला, तो निघाला नळकामाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाईप. लांबून दोन्ही सारखेच दिसतात आणि फसवणूक इथेच होते. नळकामातला दोन इंची पाईप हा आतल्या पोकळीच्या नावाने ओळखला जातो, त्याचा बाहेरचा व्यास ६०.३ मिलिमीटर असतो. एक्झॉस्टचा ट्यूब बाहेरच्या व्यासाने ओळखला जातो. त्यामुळे नळकामाचा 'दोन इंची' आणि एक्झॉस्टचा 'अडीच इंची' बाहेरून तीन मिलिमीटरच्या फरकाचे. पण जीआयची भिंत साडेतीन मिलिमीटरच्या पुढे, म्हणून आत पोकळी राहते ५३ची. त्यात जीआयवर वेल्डिंग मारलं की जस्ताचा पांढरा धूर निघतो, तो छातीत गेला तर रात्री ताप भरतो. या कामाला जीआय वापरायचाच नाही.

पुढे सायलेन्सरजवळ दुसरी दुरुस्ती. फुटलेला जोड नीट जुळत नव्हता म्हणून वेल्डरने दोन इंची एक्झॉस्ट ट्यूब, ५०.८ मिलिमीटर बाहेरचा व्यास, त्या ५३च्या पोकळीत सरकवला आणि वरून वेल्ड मारला. चपखल बसतो, दिसायला सफाईदार, आवाज बंद. आत मात्र पोकळी ४७ वर आली. आणि हा तुकडा स्प्रिंगचा पाटा चुकवण्यासाठी गरम करून वाकवलेला. वाकवताना तो चेपला. व्हर्निअरने मोजलं तेव्हा आतून आडवं ५८ आणि उभं ३४ मिलिमीटर भरलं. क्षेत्रफळ काढा, साडेपंधरा चौरस सेंटिमीटर येतं. मूळ पाईपची पोकळी साडेअठ्ठावीसची. म्हणजे गाडीला बाहेरून अडीच इंची पाईप दिसत होता आणि वायू जात होता जेमतेम अर्ध्या वाटेने.

पाईपात पाईप, त्यात पुन्हा पाईप. प्रत्येक दुरुस्ती आदल्या दुरुस्तीपेक्षा अरुंद. वेल्डरची चूक मी काढत नाही, त्याला आवाज बंद करायला सांगितलं होतं, तो त्याने केला. दाब मोजायचं काम माझं होतं, ते मी सव्वा वर्ष केलं नाही.

वाटेत अडवलेला वायू इंजिनाचं काय करतो, तेही सांगायला हवं. टर्बोचं चाक फिरतं ते पुढच्या आणि मागच्या दाबातल्या फरकावर. मागचा दाब वाढला की फरक कमी होतो, चाक मंदावतं, बूस्ट कमी मिळतो. सिलिंडरमध्ये जळलेला वायू थोडा शिल्लक राहतो, ताज्या हवेला जागा कमी. पंप मात्र ठरलेलं डिझेल देतच राहतो. हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. तापमान चढतं, टर्बोच्या सीलमधून ऑइल झिरपायला लागतं. मामांच्या गाडीच्या टर्बोच्या मागच्या तोंडाला तेलकट काजळी होती, ती मी टर्बो खराब झाल्याची खूण समजलो होतो.

माप कसं ठरवायचं

इथे दोन टोकांचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "थोडं बॅक प्रेशर लागतंच, नाहीतर ताकद जाते." दुसरा म्हणतो, "तीन इंची टाक, जेवढा मोठा तेवढा चांगला." दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. दाबाचा कोणत्याच इंजिनाला फायदा नाही. फायदा असतो वायूच्या वेगाचा, आणि तोही मुख्यतः टर्बो नसलेल्या इंजिनाला. एका सिलिंडरचा वायू वेगाने निघून गेला की मागे कमी दाब सोडून जातो आणि पुढच्या सिलिंडरची जळालेली हवा ओढून घ्यायला मदत करतो. पाईप फार मोठा केला तर हा वेग मरतो, कमी फेऱ्यांवरची ओढ कमी होते. लोक त्यावरून समजतात की दाब कमी झाला म्हणून ताकद गेली.

टर्बो इंजिनात ही मदत टर्बोच्या चाकापाशीच संपते. चाकाच्या मागे जेवढा मोकळा रस्ता तेवढं चांगलं, एका मर्यादेपर्यंत.

मर्यादा कुठे, हे हिशोबाने निघतं. कागद-पेन्सिल घेऊन बसा. आमच्या इंजिनाचा हिशोब असा:

इंजिन ३ लिटर, फेऱ्या २८००. फोर स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा भरतं, म्हणून मिनिटाला ३ गुणिले १४००, ४२०० लिटर. प्रत्यक्षात ९० टक्के भरतं असं धरा. टर्बो आणि इंटरकूलर मिळून हवा दीडपट दाट करतात असं धरलं तर बाहेरची हवा ओढली जाते मिनिटाला ५६७० लिटर, सेकंदाला साधारण ९५. ही हवा ३५ अंशांची. टर्बोच्या मागे ती निघते ४८० अंशांच्या आसपास. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, दोन्हींत २७३ मिळवा: ३०८ आणि ७५३. भागाकार २.४४. म्हणजे वायू फुगून सेकंदाला साधारण २३० लिटर होतो. डिझेलचं वजन थोडं मिळतं, ते या हिशोबात सोडून दिलं तरी चालतं.

आता हे २३० लिटर कोणत्या पाईपातून किती वेगाने जातील? एक्झॉस्टच्या ट्यूबची भिंत १.६ मिलिमीटर धरली तर दोन इंची पाईपाची पोकळी १७.८ चौरस सेंटिमीटर, वेग सेकंदाला १३० मीटर. अडीच इंचीची २८.६, वेग ८० मीटर. तीन इंचीची ४१.९, वेग ५५ मीटर.

दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. दोन इंचीतला वेग अडीच इंचीच्या १.६ पट, म्हणून दाब अडीच पटीहून जास्त. अर्ध्या इंचाने एवढं होतं.

मी टर्बोनंतरच्या पाईपासाठी सेकंदाला ८० मीटरच्या आसपास थांबतो. अडीच इंची बरोबर तिथे येतो, आणि कंपनीने मूळचा तेवढाच दिला होता. कंपनीचं माप आधी मोजावं, निम्म्या वेळा उत्तर तेच असतं. तीन इंची टाकला असता तर दाब आणखी उतरला असता, पण आमच्या इंजिनाला त्यातून मिळणारं थोडंच. उलट तीन इंची पाईप प्रॉपेलर शाफ्टच्या आणि हवेच्या टाकीच्या फार जवळ आला असता, आवाज वाढला असता आणि सोसायट्यांच्या गेटवरचे उंच स्पीड ब्रेकर रोज घासले असते.

याच ३ लिटरच्या इंजिनाला टर्बो नसता तर वायू निघाला असता सेकंदाला साधारण १५५ लिटर. मग दोन इंची पाईपात वेग साधारण ८७ आणि सव्वादोन इंचीत ६८. तिथे मी सव्वादोन इंची घालेन, अडीच इंचीच्या पुढे जाणार नाही. ५.७ लिटरच्या मोठ्या टर्बो इंजिनाला याच पद्धतीने २४०० फेऱ्यांवर तीन ते साडेतीन इंच निघतं. अडीच लिटरच्या टर्बो पिकअपला सव्वादोन इंच पुरतं.

इंटरनेटवर मिळणारे तक्ते आपल्या गाड्यांना लावू नका. ते बहुतेक अमेरिकेतल्या पेट्रोल ट्रकसाठी असतात. तिकडे ५.७ लिटरच्या व्ही-८ला दोन बाजूंना दोन अडीच इंची पाईप हा पाठ झालेला जोड आहे. ते तक्ते हॉर्सपॉवरवर आधारलेले असतात, आणि पेट्रोल इंजिन तेवढ्याच हॉर्सपॉवरला डिझेलपेक्षा बरीच कमी हवा वापरतं. डिझेलला धूर न काढता जळायला जास्त हवा लागते. त्यामुळे पेट्रोलचा तक्ता डिझेलला लावला तर पाईप लहान येतो.

उलट चूकही मी पाहिली आहे. ऐरोलीच्या एका मुलाने १.३ लिटरच्या पेट्रोल जीपला मॅनिफोल्डपासून (सगळ्या सिलिंडरांचा वायू एकत्र आणणारा भाग) थेट तीन इंची पाईप घातला. आवाज जाड झाला आणि सिग्नलवरून गाडी उठेना. मागचं शेपूट मोठं असतं तर फारसं बिघडलं नसतं, नुकसान झालं ते मॅनिफोल्डच्या लगेच पुढचा तुकडा मोठा केल्याने. वेग तिथेच टिकवावा लागतो. त्याला पुढचे तुकडे पावणेदोन इंची आणि मागे दोन इंची करून दिले.

काय घातलं, कसं घातलं

पाईप अडीच इंची, भिंत १.६ मिलिमीटर, ४०९ ग्रेड स्टेनलेस. साधं लोखंड स्वस्त पडतं, पण इथे टिकत नाही. खाडीची खारी हवा आहेच, त्यात पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचतं आणि तापलेला पाईप रोज त्यात बुडून निघतो. बजेट नसेल तर अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला पाईप घ्या, वेल्डिंगच्या जागी उष्णतारोधक रंग मारा.

बेंड तयार विकत घ्या. मँड्रेलवर, म्हणजे आत गोल आधार ठेवून, वाकवलेला बेंड आतून गोल राहतो. वाळू भरून किंवा गॅसने तापवून वाकवलेला चेपतोच, आणि एक चेपलेला बेंड सगळा हिशोब खाऊन टाकतो. आम्ही तीन बेंड वापरले, त्यांचे जोड टोकाला टोक लावून वेल्ड केले, एकही तुकडा आत सरकवलेला नाही. दुकानातून पाईप घेताना 'अडीच इंची द्या' एवढंच बोलू नका, व्हर्निअर खिशात ठेवा आणि आतलं माप घ्या.

सायलेन्सरलाही तोच नियम. त्याच्या दोन्ही तोंडांचं आतलं माप पाईपाएवढं हवं. जुना सायलेन्सर हाताने हलवून पाहा. आत पत्रा खडखडला तर तो सुटलाय आणि कधी आडवा होऊन वाट बंद करेल सांगता येत नाही. आमचा खडखडत नव्हता, पण तोंड गंजून आत आलं होतं, म्हणून बदलला. लवचीक जाळीचा फ्लेक्स जोड असेल तर त्याचं आतलं अस्तरही टॉर्चने बघा. बाहेरून जाळी शाबूत आणि आत अस्तर गोळा झालेलं, हे नेहमीचं.

सायलेन्सर काढून सरळ पाईप घालण्याचा मोह टाळा. केंद्रीय मोटार वाहन नियमांत नियम १२० प्रमाणे सायलेन्सर बंधनकारक आहे, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करायला मनाई करतं. मूळ मापाचा पाईप परत बसवणं यात काही अडचण नाही. बीएस-६ गाड्या, म्हणजे १ एप्रिल २०२० नंतर विकलेल्या, त्यांना तर टर्बोपासून शेवटच्या उत्प्रेरकापर्यंत (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) हातच लावू नका. तिथे काजळीचा फिल्टर आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सेन्सर मोजत असतो. त्या गाडीत दम गेला तर आधी फिल्टर किती भरलाय ते स्कॅनरवर बघायचं. पाईपचा विचार त्याच्या मागच्या तुकड्यापुरताच.

हँगर रबरी घ्या आणि मूळ जागीच लावा. हँगर तुटला की पाईप लोंबतो, सगळा भार फ्लँजवर येतो, जोड फुटतो, आणि मग रस्त्यातला वेल्डर. आमच्याकडेही पावसात जोड फुटण्याआधी हँगर तुटला होता. पाईप डिझेलच्या नळीपासून आणि ब्रेकच्या हवेच्या नायलॉन नळीपासून किमान चार बोटं लांब राहील असा बसवा. जमत नसेल तिथे मध्ये पत्र्याचं कवच द्या.

काम झाल्यावर पुन्हा तोच माल, तोच घाट, तिसरा गिअर. काटा सव्वा पाउंडावर थांबला. मामा घाट संपेपर्यंत काही बोलले नाहीत. वर आल्यावर गाडी बाजूला घेतली, खाली उतरून मागे धूर पाहिला आणि म्हणाले, "आवाज नाही, आणि ओढतेय." नोझल, पंप, टर्बो यांना मी पुन्हा हात लावलेला नाही.

दोन कामं राहतात, ती विसरू नका. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर फ्लँजचे बोल्ट थंड गाडीवर पुन्हा आवळा, नवीन गॅस्केट बसतं तसे ते ढिले पडतात. आणि दाब मोजायचं सॉकेट काढू नका. त्यात पितळी प्लग तांब्याचं ग्रीस लावून बसवा, म्हणजे गंजून अडकणार नाही. आम्ही चासीवर, सॉकेटच्या वरच, पांढऱ्या पेंटने वाचन आणि तारीख लिहून ठेवली आहे. पावसाळा संपला की परत काटा लावायचा. दीडच्या वर गेला तर आधी पाईप उतरवायचा, इंजिन नाही.